साताऱ्याचा पाऊस: एका फोटोने काय केलं आणि काय नाही

१८ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. साताऱ्यात शरद पवारांची सभा होती. विधानसभेचं आणि सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं मतदान सोमवारी, २१ तारखेला व्हायचं होतं. जाहीर प्रचार शनिवारी संध्याकाळी थांबणार होता. पवार भाषणाला उभे राहिले आणि पाऊस कोसळू लागला. ७८ वर्षांचे पवार छत्री न घेता बोलत राहिले. मोबाइलवर टिपलेले फोटो आणि क्लिपा लगेच बाहेर पडल्या आणि रात्रीतून गावोगावच्या ग्रुपांवर पोचल्या.

समाजमाध्यमांवर नेत्याची प्रतिमा कशी घडते याचा विषय निघाला की आपल्याकडे हा दाखला हमखास दिला जातो. तो सांगितला जातो असा: वयोवृद्ध नेता पावसात भिजला, लोक हेलावले, निवडणूक फिरली. यातलं पहिलं खरं आहे, दुसरं बऱ्याच अंशी खरं आहे. तिसरं आकड्यांशी ताडून पाहिलं की टिकत नाही. शिवाय या गोष्टीत ज्याच्यासाठी ती सभा होती तो उमेदवारच कुठे नसतो. श्रीनिवास पाटील हे त्यांचं नाव. लोकांच्या डोळ्यांसमोर जी चौकट आहे तिच्यात ते नाहीत, आणि तरीही त्या पावसाचा सगळ्यात मोठा लाभ त्यांच्याच पदरात पडला.

त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत कुणी ना कुणी पावसात, चिखलात, बांधावर उभं राहून तोच परिणाम साधायला बघतं. प्रचाराचं काम करणाऱ्या पोरांनाही 'साहेबांसारखा एखादा फोटो पाहिजे' असं सांगितलं जातं. म्हणून हे प्रकरण सुटं सुटं करून पाहणं गरजेचं वाटतं. माझं म्हणणं असं आहे की फोटो पसरला सगळीकडे, पण मत हललं ते प्रामुख्याने तिथेच, जिथे फोटोसोबत एक नेमकं वाक्यही पोचलं होतं.

पावसाआधीचे काही महिने

मे २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादीच्या घड्याळावर साताऱ्यातून तिसऱ्यांदा खासदार झाले. मताधिक्य सव्वा लाखाहून थोडं जास्त होतं. २०१४ मध्ये हेच मताधिक्य साडेतीन लाखांच्या पुढे होतं, त्यामुळे घसरण दिसतच होती. चार महिन्यांतच, १४ सप्टेंबरला, दिल्लीत अमित शाह यांच्या उपस्थितीत त्यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. खासदारकी सोडली आणि पोटनिवडणूक लागली. त्याआधी जुलैअखेरीस साताऱ्याचे आमदार शिवेंद्रसिंहराजे भाजपमध्ये गेले होते. मोहिते-पाटील, पद्मसिंह पाटील, गणेश नाईक, पिचड अशी घराणीच्या घराणी पक्ष सोडत होती. या सगळ्याला त्या वेळी 'मेगाभरती' असं नाव पडलं. नोकरभरतीचा शब्द पक्षांतराला चिकटला. भाजपकडे रांग लागली आहे आणि राष्ट्रवादीचं दुकान बंद होत आलंय, हे या एका शब्दातच येत होतं.

हा शब्द भाजपच्या फायद्याचा होता. पुढचे तसे राहिले नाहीत. अमित शाह यांनी सोलापूरच्या सभेत पवारांनी महाराष्ट्रासाठी काय केलं, असा सवाल टाकला. देवेंद्र फडणवीस सांगत होते की आमचे पैलवान तेल लावून मैदानात उतरलेत, पण समोर पैलवानच नाही. विधान म्हणून पाहिलं तर तेव्हाच्या परिस्थितीचं ते बरोबर वर्णन होतं. पण कुस्तीची भाषा पश्चिम महाराष्ट्रात वापरायची आणि तीही पवारांविरुद्ध, यात धोका होता. इथे गावोगाव तालमी आहेत, जत्रेला फड लागतो. पवार स्वतः महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्ष होते आणि 'तेल लावलेला पैलवान' हे विशेषण गेली कित्येक वर्षं त्यांनाच लावलं जात होतं, हाताला न लागणारा माणूस या अर्थाने. विरोधकाने आखाडा आखून दिला आणि विचारलं, आहे का कुणी? मग जो कुणी उतरेल तो पैलवान ठरणार, हे ओघाने आलंच.

२४ सप्टेंबरला राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात ईडीने गुन्हा नोंदवला आणि त्यात पवारांचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी पवारांनी पत्रकारांना सांगितलं की दिल्लीच्या तख्तापुढे झुकणं महाराष्ट्राला ठाऊक नाही, आणि २७ तारखेला आपण होऊनच ईडीच्या कार्यालयात जाणार. कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. त्या दिवशी मुंबईचे पोलीस आयुक्त स्वतः त्यांच्या घरी गेले आणि येऊ नका अशी विनंती केली. बँकेच्या कारभाराचा मूळ प्रश्न त्या दिवसापुरता तरी बाजूला पडला आणि उरलं ते 'दिल्ली विरुद्ध महाराष्ट्र'. हे मला खटकतं, कारण शेतकऱ्यांच्या पैशांशी जोडलेल्या एका संस्थेबद्दल विचारायला हवं होतं ते त्या गदारोळात कुणी विचारलं नाही. पण प्रतिमेच्या अंगाने पाहिलं तर गुन्ह्यात नाव येणं हे शौर्याचं निमित्त झालं, ते याच भाषेमुळे.

सगळं पवारांच्या बाजूने गेलं असंही नाही. बार्शीच्या सभेत त्यांनी पैलवानाच्या टोमण्याला उत्तर देताना 'अशांशी' कुस्ती होत नसते असं म्हणत हातवारे केले. ती क्लिप फिरली आणि तिच्यावर टीकाही झाली. समोरच्या गर्दीला हसवणारा हावभाव मोबाइलवर दुसऱ्याच लोकांसमोर जातो, हे पन्नासहून जास्त वर्षं राजकारणात घालवलेल्या माणसालाही चुकवता आलं नाही.

आणखी एक गोष्ट या कहाणीत कुणी आणत नाही, ती म्हणजे ऑगस्टचा महापूर. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, साताऱ्यातही नद्या फुगल्या होत्या. त्या दिवसांत जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांचा बोटीतला व्हिडिओ फिरला. पूरग्रस्त भागाची पाहणी चाललेली, आणि चित्रीकरणात मंत्री हसत हात हलवताना दिसत होते. काही सेकंदांची ती क्लिप. मदतकार्यात त्यांनी बाकी काय केलं हे तीत येणं शक्यच नव्हतं, पण घरात पाणी शिरलेल्या माणसाने जे पाहायचं ते पाहिलं. त्यापाठोपाठ मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि स्थानिक आमदाराचे फोटो असलेली स्टिकर्स दिसली आणि संतापात भर पडली.

म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच कृष्णाकाठच्या लोकांच्या डोळ्यांसमोर पाणी आणि नेता यांचं एक चित्र उभं होतं. नेता कोरडा, बोटीत बसलेला, कॅमेऱ्याकडे बघणारा. ऑक्टोबरातला पाऊस या चित्रावर पडला. सातारच्या फोटोची ताकद सांगताना वयाचा उल्लेख सगळे करतात. मला वाटतं, त्यात या पुराचाही वाटा होता.

चौकट

त्या फोटोत काय आहे ते नीट पाहू. मागे अंधार. दिव्यांच्या उजेडात पावसाच्या तिरक्या रेघा. पांढरा शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, समोर माइक. काही दृश्यांत उघड्यावरची माणसं दिसतात, प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर धरून उभी. या खुर्च्या महत्त्वाच्या आहेत. एकटा नेता भिजतोय असं दिसलं असतं तर त्यात कणव आली असती. समोरची माणसंही भिजतायत आणि जात नाहीत, म्हटल्यावर ते दोघांनी मिळून केलेलं काम झालं.

पवारांचं वक्तृत्व फड मारणारं नाही. २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांचे उच्चार अस्पष्ट आहेत. नवख्या माणसाला त्यांचं भाषण कान देऊन ऐकावं लागतं. सभेत हा उणेपणा ठरतो. मोबाइलवर मात्र लोक आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात, खाली लिहिलेल्या ओळी वाचतात. ज्याचे शब्द नीट ऐकू येत नाहीत अशा वक्त्यासाठी त्या संध्याकाळी असंख्य लोकांनी आपापल्या परीने शब्द लिहिले. कुणी 'सह्याद्री' म्हणालं, कुणी 'बाप माणूस'. 'ऐंशी वर्षांचा योद्धा' तर सर्रास. पवारांना तेव्हा ऐंशी व्हायला वर्षाहून जास्त अवकाश होता. १२ डिसेंबर १९४० चा जन्म, म्हणजे अजून एकोणऐंशीही पुरी नव्हती. पण ऐंशी हा आकडा तोंडात बसतो, पोस्टरवर शोभतो, आणि सत्तरीतला माणूस भिजला यापेक्षा ऐंशीतला भिजला हे जास्त भिडतं. आकडा कुणी मुद्दाम फुगवला नसेल, पण लोकांच्या हातून तो वर सरकला.

याच घरातलं, याच वर्षातलं उलट उदाहरण बघा. मार्चमध्ये मावळ लोकसभेचे उमेदवार, पवारांचे चुलत नातू पार्थ पवार यांचं पहिलं भाषण झालं. वाचून केलेलं, अडखळतं मराठी. ती क्लिप इतकी फिरली की उमेदवाराची ओळख तीच होऊन बसली. ते दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. त्या पराभवाला मावळातली शिवसेनेची ताकद कारण होती, मोदींची लाटही होती, सगळं खापर क्लिपवर फोडता येणार नाही. पण आजोबांचे अस्पष्ट उच्चार लोकांनी स्वतः पुरे करून घेतले आणि नातवाच्या अडखळण्याला माफी नव्हती, हा फरक बोलणाऱ्याच्या मागे काय उभं आहे याचा आहे. चित्र कोऱ्या जागेवर उमटत नाही. लोकांना आधीपासून जे वाटत असतं त्याला ते फक्त रूप देतं.

ते वाक्य

फोटोच्या मागे जाऊन भाषण पाहिलं की खरी कारागिरी दिसते. भाषण लांबलचक नव्हतं. त्यात पवारांनी दोन गोष्टी केल्या.

एक, पावसाला त्यांनी अडचण म्हटलं नाही. वरुणराजाने आशीर्वाद दिला, असं म्हणाले. शेतकऱ्यांपुढे बोलणाऱ्या माणसाला हे सुचणं अवघड नाही, पण ते वेळेवर सुचावं लागतं. त्या एका शब्दामुळे सभा विस्कटली असं म्हणायची सोय राहिली नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. लोकसभेला उमेदवार निवडताना माझ्याकडून चूक झाली, ती मी जाहीरपणे कबूल करतो, आणि ती दुरुस्त करायला साताऱ्याचे लोक २१ तारखेची वाट बघतायत, अशा अर्थाचं ते बोलले.

हे वाक्य समजायला साताऱ्याची अडचण ध्यानात घ्यावी लागते. समोर उदयनराजे होते, शिवछत्रपतींचे वंशज. त्यांची स्वतःची प्रतिमाही काही कमी ठसठशीत नव्हती. कॉलर उडवण्याची त्यांची लकब तरुणांनी उचललेली होती, तिचे व्हिडिओ वर्षानुवर्षं चालत आले होते. 'महाराज' म्हणून ज्यांना मुजरा करायचा त्यांना भर सभेत गद्दार कसं म्हणणार? म्हटलं असतं तर सातारकर दुखावला असता, आणि भाजपला हवा तो मुद्दा आयता मिळाला असता: गादीचा अपमान. आदल्याच दिवशी, १७ ऑक्टोबरला, पंतप्रधान मोदींची साताऱ्यात सभा झाली होती आणि छत्रपतींच्या वारशाला केंद्रस्थानी ठेवूनच प्रचार चालला होता.

पवारांनी गादीला हात लावला नाही. दोष स्वतःकडे घेतला. मी तिकीट दिलं, मी चुकलो. ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळलं, आणि राजांविरुद्ध एक अक्षरही उच्चारलं गेलं नाही. शिवाय मतदारालाही त्यातून सुटकेची वाट मिळाली. मे महिन्यात ज्याने उदयनराजेंना मत दिलं होतं त्याला पाच महिन्यांत स्वतःचं मत बदलताना ओशाळं वाटायचं कारण उरलं नाही. चूक साहेबांची होती, आपण फक्त दुरुस्त करायची. गादीचा मान आणि मतपेटी वेगळी करण्याचा प्रश्न या भागात पुन्हा पुन्हा येतो. २०२४ मध्ये कोल्हापुरात शाहू छत्रपतींविरुद्ध महायुतीने 'मान गादीला, मत मोदीला' अशी घोषणा चालवली. घोषणा चटपटीत होती, पण तीत मतदाराला आज्ञा होती. कोल्हापुरात शाहू छत्रपतीच निवडून आले.

आता श्रीनिवास पाटलांकडे वळू. माजी सनदी अधिकारी, १९९९ ते २००९ कराडचे खासदार, पुढे सिक्कीमचे राज्यपाल, पवारांचे कॉलेजपासूनचे मित्र. भरघोस पांढऱ्या मिशा, गावाकडची बोली. पोस्टरला चेहरा म्हणून उत्तम. पण समाजमाध्यमांच्या हिशेबाने ते सत्तरी उलटलेले, राजकारणातून जवळपास निवृत्त झालेले गृहस्थ होते. उदयनराजेंच्या चाहत्यांच्या फौजेपुढे त्यांची बाजू आपल्या जोरावर उभी राहणं कठीण होतं. 'चूक दुरुस्त करायची' या वाक्याने त्यांना एक काम नेमून दिलं. ते स्वतः कोण आहेत हे सांगत बसावं लागलं नाही. ते दुरुस्ती होते. उमेदवाराची प्रतिमा उमेदवाराचा फोटो न दाखवता तयार झाली. असं यश प्रचारात फार थोड्यांना मिळतं, आणि त्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे.

प्रचार थांबल्यावर

शनिवारी संध्याकाळी जाहीर प्रचार संपला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदानाआधीच्या ४८ तासांत सभा, मिरवणुका, टीव्हीवरचा निवडणूक प्रचार बंद. २०१९ च्या लोकसभेच्या वेळी फेसबुक, ट्विटर, गुगल वगैरे कंपन्यांनी निवडणूक आयोगाशी एक ऐच्छिक आचारसंहिता ठरवली. तीत या काळातला आक्षेपार्ह मजकूर आयोगाने कळवल्यावर तीन तासांत हटवायची तयारी होती. व्हॉट्सॲपने भारतात २०१८ मध्येच एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली होती.

यातलं काहीही त्या फोटोला लागू पडत नव्हतं. फोटोवर 'मत द्या' असं लिहिलेलं नव्हतं. पक्षाने पैसे देऊन तो चालवायची गरज नव्हती. लोकांनी तो स्टेटसला ठेवला होता, डीपीला लावला होता. स्टेटस कुणी कुणाला पाठवत नाही. आपला भाचा, दूधवाला, शाळेतला मित्र, बहिणीची जाऊ यांचा नंबर आपल्याकडे असतो म्हणून ते दिसतं. पक्षाच्या पेजवरची पोस्ट माणूस जाहिरात समजून सोडून देतो. जो भाचा कधी राजकारणाचं बोलत नाही त्याने ते स्टेटस ठेवलं की थबकतो. सभाबंदीच्या त्या दोन दिवसांत एका बाजूकडे असं काही होतं जे घरातल्या माणसांकडून येत होतं. दुसरीकडे तयार केलेली पोस्टरं होती, जी शनिवारी थांबली.

आकडे

२४ ऑक्टोबरला निकाल लागला. श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. सव्वा लाखाने जिंकलेला माणूस पाच महिन्यांत एवढ्या मोठ्या फरकाने हरला. एवढंच पाहिलं तर पावसाची दंतकथा खरी वाटते.

पण सातारा लोकसभा मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा येतात: वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा. मतदान एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, शेजारशेजारच्या यंत्रांवर. वाई आणि कराड उत्तर राष्ट्रवादीने जिंकलं, कराड दक्षिण काँग्रेसच्या पृथ्वीराज चव्हाणांनी. कोरेगाव आणि पाटण शिवसेनेकडे गेलं. खुद्द साताऱ्यात, जिथे तो पाऊस पडला, भाजपचे शिवेंद्रसिंहराजे चाळीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. तेही त्याच घराण्यातले, तेही त्याच उन्हाळ्यानंतर राष्ट्रवादी सोडून गेलेले. म्हणजे सहा जागांची वाटणी तीन-तीन झाली, आणि लोकसभेला मात्र एकाच बाजूला ८७ हजारांची आघाडी.

मतदाराने फोटो बघून डोळे मिटून बटण दाबलं असतं तर दोन्ही यंत्रांवर एकच कौल दिसला असता. तसं झालं नाही. हजारो लोकांनी एका यंत्रावर आपल्या ओळखीच्या, कामाला येणाऱ्या आमदाराला मत दिलं आणि दुसऱ्यावर चूक दुरुस्त केली. पवारांचं वाक्य लोकसभेच्या उमेदवाराबद्दल होतं. मतही तिथेच फिरलं. एका मतदारसंघावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला मान्य आहे. खासदारकी चार महिन्यांत सोडण्याचा राग हेही मोठं कारण होतं, आणि सातारा लोकसभेची जागा १९९९ पासून राष्ट्रवादीचीच होती. पण मग नेमकं बोलायचं तर पावसाने जागा फिरवली नाही, राजांबरोबर जाऊ शकणारी मतं पक्षाकडे धरून ठेवली.

राज्याच्या पातळीवर ही दंतकथा आणखी सैल पडते. राष्ट्रवादी ४१ वरून ५४ वर गेली, ही वाढ लक्षणीय आहे. पण भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या. २८८ च्या सभागृहात युतीकडे १६१, म्हणजे स्पष्ट बहुमत होतं. सत्ता गेली ती मुख्यमंत्रिपदावरून दोन मित्रपक्ष तुटले म्हणून. पुढच्या महिन्यात सरकार बदललं आणि लोकांच्या आठवणीत दोन्ही घटना एकात एक मिसळल्या. पावसात भिजले, सरकार आलं. समाजमाध्यमांवरच्या प्रतिमेचा हा एक परिणाम मोजायचा राहून जातो: ती निकाल बदलो न बदलो, निकालाची आठवण नक्की बदलते.

त्याच निवडणुकीतलं दुसरं वाक्य, फडणवीसांचं 'मी पुन्हा येईन', हे याला समांतर चाललं. विधानसभेच्या शेवटच्या अधिवेशनात म्हटलेली ही कविता प्रचारात आत्मविश्वासाची खूण म्हणून फिरली. २३ नोव्हेंबरचा पहाटेचा शपथविधी, २६ ला राजीनामा, आणि तीच क्लिप रातोरात खिल्लीची झाली. फडणवीसांनी ती टाळली नाही. १ डिसेंबरला सभागृहात ते म्हणाले की पुन्हा येईन म्हटलं होतं, टाइमटेबल सांगितलं नव्हतं. ५ डिसेंबर २०२४ ला ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि तीच क्लिप विजयगीतासारखी वाजली. चिडवणाऱ्यांनीच ते वाक्य पाच वर्षं जिवंत ठेवलं होतं, आणि शेवटी ते वाक्य ज्याचं होतं त्याच्या कामी आलं.

पुन्हा सातारा, पुन्हा पाऊस

२०२४ च्या लोकसभेला पक्ष फुटलेला होता. घड्याळ अजित पवारांकडे गेलं, शरद पवारांना 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळालं. साताऱ्यात भाजपचे उदयनराजे आणि पवारांचे शशिकांत शिंदे समोरासमोर. नवं चिन्ह घराघरांत पोचवायला जेमतेम काही आठवडे होते, आणि प्रचाराने 'तुतारी' हा शब्द चांगला रुजवला. गाणी झाली, रील्स झाल्या, सभांमध्ये खरोखरीच्या तुताऱ्या वाजल्या. मतदान यंत्रावर मात्र एका अपक्षाच्या नावापुढे नुसत्या वाद्याचं चित्र होतं, ज्याला लोक पिपाणी म्हणू लागले. त्या अपक्षाला सुमारे ३७ हजार मतं पडली. शिंदे ३२ हजार ७७१ मतांनी हरले. ती सगळी मतं चुकून पडली असं ठामपणे म्हणता येत नाही, पण पक्षाने तोच दावा केला आणि आयोगाकडे तक्रारही केली. शब्द कानात बसला होता, डोळ्यांना चित्र ओळखायला शिकवायचं राहिलं, असं मला त्या निकालावरून वाटतं.

मग नोव्हेंबर २०२४, विधानसभा. इचलकरंजीच्या सभेत पवार बोलायला उभे राहिले आणि पाऊस आला. त्यांनी स्वतःच आठवण करून दिली की आपण पावसात बोललो की निकाल चांगला लागतो. काही मिनिटांत फोटो फिरू लागले, २०१९ चा फोटो शेजारी लावून. वय आता खरोखर ऐंशीच्या पुढे, जिद्द तीच, मोबाइल तर पूर्वीपेक्षा जास्त हातांत. फरक भाषणात होता. या वेळी पाऊस हाच मजकूर होता. मतदाराने कोणती चूक दुरुस्त करायची, हे सांगणारं वाक्य त्याच्यासोबत गेलं नाही. समोरच्या बाजूकडे लाडकी बहीण योजनेचे पैसे महिलांच्या खात्यांवर जमा झालेले होते, आणि त्याला उत्तर म्हणून भिजलेला शर्ट पुरा पडणार नव्हता. इचलकरंजीची जागा भाजपने जिंकली. पवारांच्या पक्षाला राज्यात १० जागा मिळाल्या. सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीकडे गेल्या.